बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्याकडे एका तारखेपाशी दुभंगते. २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज नावाच्या गावात रमाबाईंनी आणि त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला तो दिवस. त्याआधीच्या रमाबाई म्हणजे कलकत्त्याच्या शास्त्र्यांना थक्क करणारी विदुषी, ‘सरस्वती’. नंतरच्या रमाबाई म्हणजे एक तर धर्म सोडून गेलेली बाई, नाही तर मिशनच्या भिंतीवरची हार घातलेली तसबीर. शाळेच्या पुस्तकात त्यांना चार ओळी मिळतात, आणि त्या चार ओळीही ही तारीख जरा घाईघाईनेच ओलांडतात.

गंमत अशी की खुद्द रमाबाईंच्या लेखी ही तारीख निर्णायक नव्हती. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, म्हणजे आपल्या श्रद्धेचा प्रवास सांगितला. बाप्तिस्मा झाला आणि मन शांत झालं, असं त्यात कुठेही नाही. उलट त्या सांगतात की धर्म मिळाला होता, पण मनाला हवं होतं ते मिळालं नव्हतं. ते मिळालं १८९१ च्या सुमाराला, पुण्यात, भोवताली वादळ घोंगावत असताना. मधली आठ वर्षं गेली कशात?

त्यासाठी आधी दुष्काळाकडे जावं लागतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांचं गावाशी आणि जातीशी वाकडं आलं. त्यांनी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे बिऱ्हाड थाटलं. तिथेच एप्रिल १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. पुढे पैसा संपला, घर गेलं आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांच्या वाटेला लागलं. देवळात पुराण सांगायचं, श्रोते ठेवतील त्यावर गुजराण करायची, पुढच्या गावी निघायचं. रमाबाईंनी हजारो श्लोक पाठ केले ते या चालण्यात.

१८७४ च्या आसपास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा पुराण ऐकायला कोण बसणार? पंडिताच्या घराला मजुरी करणं ठाऊक नव्हतं आणि भीक मागणं जमत नव्हतं. साक्षीत रमाबाई हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. हाती होतं ते अनुष्ठानांत, दानात, ब्राह्मणभोजनात घातलं, की देव प्रसन्न होईल. देव प्रसन्न झाला नाही. मग भांडी विकली, दागिने विकले. शेवटी अकरा दिवस रानात पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. सर्वांत धाकटी रमा, तिला शेवटी. थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन, जातीचा अभिमान राहू दे बाजूला. जलसमाधी टळली, पण वडील काही दिवसांतच गेले.

मग आई. तापाच्या ग्लानीत तिने खायला मागितलं. सोळा वर्षांची रमा एका ब्राह्मणाच्या दारी गेली आणि तोंडातून शब्दच फुटेना. त्या बाईने तिच्याकडे पाहून बाजरीची भाकरी दिली. आईला ती गिळता आली नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं नव्हती. दोन माणसं कशीबशी मिळाली, भाऊ तिसरा, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्यावर तोल जुळेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत चालली.

हे सगळं सांगताना रमाबाई रडारड करत नाहीत. त्यांचं लिहिणं हिशेबाच्या वहीसारखं आहे, आणि मला वाटतं ते तसं असण्याला कारण आहे. ज्या घरात त्या वाढल्या तिथे धर्म म्हणजे हिशेबच होता. इतके उपास, इतकी स्नानं, इतक्या प्रदक्षिणा, इतकं दान, त्याचं इतकं पुण्य. जमेची बाजू वर्षानुवर्षं भरली आणि शिल्लक शून्य निघाली. या मुलीच्या मनात देवाबद्दल पहिला प्रश्न उभा राहिला तो तत्त्वज्ञानाचा नव्हता. आपण आपला भाग चोख केला, तुमच्या भागाचं काय, असा तो होता.

थोरली बहीणही गेली. भावंडं दोघंच उरली आणि चालत राहिली, थेट काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून ती त्यात निजली, डोकं तेवढं बाहेर ठेवून. भिजवलेलं कोरडं धान्य आणि चिमूटभर मीठ यांवर दिवस काढले. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली, तोवर जुन्या श्रद्धेचा बराच भाग वाटेत गळून गेला होता.

कलकत्त्यात एका ख्रिस्ती घरच्या सभेचं त्यांना आमंत्रण आलं. तिथे मंडळींनी प्रार्थनेसाठी आपापल्या खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकले. रमाबाईंचा समज झाला की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! वर ब्राह्मण माणसंही चहा-बिस्किटं खाताना दिसली, तेव्हा कलियुग पुरतं आलं याबद्दल भावंडांची खात्री पटली. निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. रमाबाईंनी ते वाचून पाहिलं. भाषा संस्कृत, पण आपल्या ओळखीच्या संस्कृतासारखी मुळीच नाही, म्हणून बाजूला ठेवलं. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे चाळीसेक वर्षांनी याच बाई बायबलच्या भाषेशी झगडत असलेल्या दिसतील.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, जातीबाहेर, प्रांताबाहेर. मनोरमा झाली. १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. वय वर्षं तेवीस, आणि आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांपैकी कोणी नाही. पदरात दहा महिन्यांची मुलगी.

आज आपण ‘कठीण काळ’ हा शब्द बऱ्याच गोष्टींना लावतो. लावावाही. पण इथे क्षणभर थांबायला हरकत नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, बायकांना बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला जायचं ठरवलं. बायबलमधल्या नव्या कराराशी त्यांची नीट ओळख पुण्यातच झाली. वाँटेजच्या जोगिणींच्या संघाची शाखा पुण्यात होती, त्या आधाराने १८८३ मध्ये त्या तिकडे गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत मात्र बारगळला.

बाप्तिस्मा घ्यावासा का वाटला, याचं त्यांनी दिलेलं कारण फार साधं आहे. लंडनच्या फुलम भागात जोगिणींचं एक घर होतं. समाजाने ‘वाईट चालीच्या’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत. जोगिणी त्यांची मायेने सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. विचारलं, हे का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या बाईशी येशू निवांत बसून बोलतो ती गोष्ट. धर्मशास्त्रांची एकमेकांशी कितीही भांडणं असली तरी बाई वाईट आणि बाईला मोक्ष नाही या दोन मुद्द्यांवर त्यांचं एकमत दिसतं, असं शास्त्रं वाचून ठरवलेल्या बाईला ही गोष्ट कुठे लागली असेल ते कळू शकतं. मूळच्या काशीच्या पंडित घराण्यातल्या, स्वतः धर्मांतर केलेल्या नीलकंठशास्त्री उर्फ फादर गोरे यांच्या पत्राने उरलेल्या शंकांचं काम केलं.

पण शांती? त्याच वर्षी वाँटेजमध्ये त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. पुण्यातून शिव्याशापांची पत्रं येत होती. जोतीराव फुल्यांनी पुढे ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनी पाठ फिरवली. आणि ज्यांच्या घरी आल्या होत्या त्यांच्याशीही खटके उडू लागले. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा त्या वर्षांतला पत्रव्यवहार छापलेला आहे. मिळाला तर जरूर वाचा, आध्यात्मिक वाङ्मय म्हणून नको, भांडण म्हणून वाचा. त्रैक्य मला पटत नाही. चमत्कार कशाला मानू? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? मनोरमेला अंडं घातलेलं पुडिंग देऊ नका. एका भिक्षुकशाहीच्या जोखडातून मान काढून घेतली आहे, ती दुसऱ्या जोखडात घालायची नाही, हा सगळ्यांचा मथितार्थ. चेल्टनमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी मत दिलं, तेव्हा त्या भडकल्याच. मायदेशी आपण पुरुषांच्या सभांत व्याख्यानं दिली आहेत याची आठवण त्यांनी करून दिली.

सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. आज आपल्याला तो स्वाभिमान वाटतो. रमाबाईंनी उतारवयात मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांनी आपल्या मतांबद्दल पस्तावा केल्याचं मला दिसत नाही. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली. त्या आठ वर्षांत त्यांनी ख्रिस्ती धर्मही वडिलांच्या पुण्याच्या वहीसारखाच चालवला होता. चर्चमध्ये जायचं, उपासना करायची, सत्कृत्यं करायची, योग्य सिद्धान्त मान्य करायचे, आणि मग कधीतरी आपण पात्र ठरू. वही बदलली होती, हिशेब तोच होता.

दरम्यान १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, व्याख्यानं देत देशभर फिरल्या, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडलं, उच्चवर्णीय विधवांसाठी, कुणाच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याच्या अटीवर. दीडएक वर्षाने ते पुण्याला हललं. बाहेरून पाहणाऱ्याला यशाची कमान चढती दिसते. आतून त्या थकल्या होत्या.

अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे पुस्तक आलं. या हॅस्लमची हकिकत मजेदार आहे. तो कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षं पाद्री होता, प्रवचनं देत होता, देऊळ सांभाळत होता. १८५१ साली एका रविवारी स्वतःच प्रवचन देता देता त्याला उमगलं की आपण लोकांना जे सांगतो ते आपल्यालाच कधी मिळालेलं नाही. आपल्याच प्रवचनाने धर्मांतरित झालेला पाद्री! रमाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःला ओळखलं. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, असं त्यांनी याबद्दल लिहिलं आहे. मग त्यांनी बायबल पुन्हा वाचलं, या वेळी शास्त्र म्हणून नव्हे. त्यांना कळलेली गोष्ट एका वाक्याची आहे: जशी आहेस तशी ये, आधी काही फेडून यावं लागत नाही. ही सूट आहे तर ती बाईला आहे, अडाण्याला आहे, खालच्या जातीला आहे, आणि ज्याच्यापाशी द्यायला कोरडं धान्यसुद्धा उरलेलं नाही त्यालाही आहे.

दुष्काळात ज्यांच्या घराचा हिशेब शून्यावर आला होता त्या बाईला हे ऐकून हायसं वाटलं, यात मला गूढ काही दिसत नाही. वाचणारा ख्रिस्ती असो, नसो, नास्तिक असो, एवढं समजण्यासारखं आहे.

या शांतीने त्यांचं आयुष्य मात्र सोपं झालं नाही. लगेच अवघडच झालं. रमाबाई सदनात आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. गवगवा झाला. ‘केसरी’ने धार लावलीच होती. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालक मुलींना घेऊन गेले. रानडे-भांडारकरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तटस्थतेच्या शब्दावर त्यांनी संस्थेला आपलं नाव दिलं होतं, आणि पुण्यातल्या घराघरांतून विधवा मुलींना शिकायला पाठवणं त्या नावाच्याच भरवशावर चाललं होतं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावलं नाही आणि आलेल्याला हाकलणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या, आणि म्हणूनच तड लागणं अशक्य. याच वर्षी सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, आणि त्या आनंदीबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या संस्थेच्या मुळाशी शारदा सदनाचा अनुभव आहे, हे विसरता येत नाही.

मग १८९६ उजाडलं आणि दुष्काळ परत आला.

या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. सदन कसंबसं सावरलेलं, जादा पैसे नाहीत. त्या निघाल्या. सरकारी अनाथगृहं आणि मदत छावण्या त्यांनी पाहिल्या, हाडांचे सापळे पाहिले, आणि त्याहून भयंकर म्हणजे एकट्या पोरींना हेरत फिरणारे दलाल पाहिले. बावीस वर्षांपूर्वी भाकरीसाठी परक्या दारात मुकी उभी राहिलेली मुलगी त्यांना प्रत्येक छावणीत दिसत असणार. १८९७ मध्ये त्यांनी आपल्या लहानपणच्या दुष्काळाच्या आठवणी पहिल्यांदा सविस्तर लिहून छापल्या, तो योगायोग नव्हे. इतकी वर्षं मनात गाडून ठेवलेलं त्यांना तेव्हाच उकरता आलं.

त्या मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला फळबागेसाठी म्हणून थोडी जमीन आधी घेतलेली होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ची सुरुवात ही अशी. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, आणि १९०० पर्यंत तिथली वस्ती दीड हजारांवर गेली.

प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. सदनातली एक मुलगी सरकारी प्लेग छावणीत नेली गेली आणि बेपत्ता झाली. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून तिथल्या बायकांच्या हालांचा आणि असुरक्षिततेचा पंचनामा केला. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात निघाला, गव्हर्नराने आरोप खोटे ठरवायचा प्रयत्न केला. सरकारच्या धर्माची बाई सरकारवर उलटली होती. मनाची शांती म्हणजे मिळमिळीतपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र पाहावं.

मुक्तीबद्दल एक प्रश्न विचारलाच पाहिजे. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अन्न आणि छप्पर देणाऱ्या संस्थेत वाढणाऱ्या मुलीला त्या संस्थेचा धर्म नाकारायची मोकळीक कितपत होती? रमाबाईंचा स्वतःचा निर्णय वाद घालत, पत्रं लिहीत, वर्षं घालवत झालेला. मुक्तीतल्या मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. १९०५ च्या जूनमध्ये तिथे भक्तीची मोठी लाट आली, शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या, जगभरच्या ख्रिस्ती मासिकांनी त्याची वर्णनं छापली. त्या वर्णनांत मुलींना ‘आनंद’ आणि ‘शांती’ मिळाल्याचे उल्लेख पानोपानी आहेत, पण ते बहुतेक मिशनच्या लेखणीतून उतरलेले. रमाबाईंना आपल्या आठ वर्षांचा ऐवज होता, या मुलींना तेवढा अवधी मिळाला नाही. दुसऱ्या बाजूने, दलालाच्या हाती पडण्यापेक्षा केडगावला विणकाम, शेती, दूधदुभतं, छपाई शिकून दोन वेळ जेवणं कितीतरी बरं, हेही तितकंच खरं. माझं मन या दोन वाक्यांत अजून हेलकावे खातं. रमाबाईंबद्दल आदर असूनही खातं.

त्यांची शेवटची अठरा-वीस वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या. मराठीत बायबल होतंच. पण त्यांची तक्रार अशी की त्यातले कितीतरी शब्द पंडितांच्या शास्त्रातून आलेले, जुन्या अर्थाचं ओझं घेऊन आलेले. केडगावच्या आसपासच्या खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला ते कळावेत कसे? ज्या बाईला ‘सरस्वती’ पदवी संस्कृतामुळे मिळाली तीच बाई आता एकेक संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. या हट्टापायी त्यांचं भाषांतर काही ठिकाणी ओबडधोबड झालं, हे खरं. टिळकांच्या अभंगांसारखं ते मराठी कानात मुरलं नाही. ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी ख्रिस्ती भक्तीला घरची मराठी दिली, रमाबाईंची मराठी शेवटपर्यंत थोडी खडबडीतच राहिली. पण ती कुणासाठी लिहिली होती हे विसरून तिला नावं ठेवणं मला पटत नाही.

मुक्तीचा छापखाना तिथल्या बायकाच चालवत. खिळे जुळवायला, पानं ओढायला, दुमडायला त्याच. कान जवळजवळ गेलेल्या रमाबाई प्रुफं तपासत बसत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. शाळा तीच बघत होती, अंध मुलींना ब्रेल तिनेच शिकवलं, आईमागे मुक्ती तीच चालवणार हे सगळे धरून होते. घरातलं उरलेलं एकुलतं एक माणूस. रमाबाईंनी संस्थेची पुढची व्यवस्था लावली आणि त्या पुन्हा प्रुफांकडे वळल्या. काम हातावेगळं झालं त्याच सुमारास, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं, बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांनी छापलेलं.